मूळपदावर : पहिल्या ५१२ बाइटांची गोष्ट

शिळफाट्यावर राहणाऱ्यांना फाटा म्हणजे काय हे सांगायला नको. (कल्याणकडचाही एक शिळफाटा आहे. तिकडच्या नावाने निघालेला पाहुणा इथे आणि इथला तिकडे, असे आपल्याकडे अधूनमधून होतेच.) फाट्यावरच्या पाटीला स्वतःचे गाव नसते. ती फक्त सांगते, इकडे हे, तिकडे ते. आजचा आपला विषय अशाच एका पाटीचा आहे. संगणकावर लिनक्स घातले, पुढे ते नको झाले, आणि संगणक पूर्वीसारखा सुरू व्हावा असे वाटले, तर काय करायचे? प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्याच्या पोटात चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि 'मूळ' या शब्दाची एक अडचणही आहे.

आधी इतिहास. वीज बंद असताना संगणकाला काहीच आठवत नाही. डिस्कवरचा प्रोग्राम वाचायचा तर 'डिस्क कशी वाचावी' हे सांगणारा दुसरा प्रोग्राम आधी हवा. त्याला कोण उठवणार? न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. मागे जावे तितके थोडेच. इंग्रजीत स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलण्याची एक कल्पना आहे, तिच्यावरून 'बूट' हा शब्द आला. अभियंत्यांनी अनवस्था तोडली ती माणसाच्या निर्णयाने. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला प्रोसेसर चालू होताच मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे चिपमध्ये कायमचा लिहिलेला बायोस असतो. का तिथेच? तसे ठरवले म्हणून.

१९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्याच्याबरोबर हार्ड डिस्क आणि डॉसची दुसरी आवृत्ती आली. तेव्हा ठरले की बायोसने डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलायचा आणि त्याच्या हाती कारभार द्यायचा. हाच मास्टर बूट रेकॉर्ड. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याला, आणि शेवटचे दोन सहीसारखे. तक्त्यात चार वाटण्यांची सोय होती. म्हणजे बघा, एका डिस्कवर अनेक प्रणाली नांदाव्यात हा विचार सुरुवातीपासून होता. जमीन चौघांना, पण वेशीवरची पाटी एकच! भांडणाचे बीज इथे पडले.

लिनक्स १९९१ चे. १९९२ मध्ये लिलो हा त्याचा बूटलोडर आला, आणि १९९५ मध्ये ग्रब हा आणखी एक बूटलोडर. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिन लागते, घाट चढला की सुटते. बूटलोडरचे काम तेवढेच, कर्नल मेमरीत चढवायचे आणि बाजूला व्हायचे. पण ग्रब ४४६ बाइटांत मावत नाही. त्याचा पहिला तुकडा त्या ५१२ बाइटांत, दुसरा लगतच्या मोकळ्या जागेत, आणि बाकीचा सगळा संसार लिनक्सच्या वाटणीत. हे लक्षात ठेवा, बरं का. पुढची गोष्ट यावरच उभी आहे.

२०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी मागवल्या की टपालाने फुकट घरपोच येत. आम्हीही मागवली. विंडोज एक्सपीच्या शेजारी लिनक्स घातले, काही महिने वापरले. मग मराठी टंकलेखनाची आमची जुनी फाइल तिथे नीट उघडेना, म्हणून काढायचे ठरवले. एक्सपीमधूनच लिनक्सची वाटणी पुसली. किती सोपे, असे वाटले. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एकच ओळ, 'एरर २२'.

त्या संगणकात आमच्या सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. दुकानदाराने पाहिले न पाहिलेसे करून सांगितले, 'सर, फॉरमॅट मारावा लागेल.' घरी येऊन सौ. काही बोलली नाही, ते जास्त लागले.

शेजारचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी म्हणाला, 'सर, घाई नका करू.' त्याने समजावले ते असे. एरर २२ चा अर्थ 'अशी वाटणी नाही'. आम्ही ग्रबचा संसार पुसला होता, पण वेशीवरची पाटी तशीच होती, आणि ती नसलेल्या गावाकडे बोट दाखवत होती. एक्सपी शाबूत होते, ओव्याही शाबूत होत्या. फक्त तिकडे कोणी नेत नव्हते. त्याने एक्सपीच्या सीडीवरून संगणक सुरू केला, रिकव्हरी कन्सोलमध्ये गेला आणि 'फिक्सएमबीआर' असे टंकले. यंत्राने बजावले की वाटण्यांचा तक्ता बिघडू शकतो. आम्ही त्याचा हात धरला. तो म्हणाला, 'ही आज्ञा ४४६ बाइटांचा प्रोग्राम बदलते. ६४ बाइटांच्या तक्त्याला सहसा हात लावत नाही.' त्याने होकार दिला आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्सपी उठले. ओव्या ऐकल्या आणि त्याच संध्याकाळी दोन सीडींवर उतरवल्या.

यातून नियम निघतो तो क्रमाचा. आधी पाटी बदलावी, मग गाव मोडावे. आम्ही उलटे केले होते.

आता ५१२ बाइटांचे राज्य ओसरले आहे. २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झाला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ही पद्धत घरोघरी पोचली. आता प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर डिस्कवरच्या एका छोट्या ईएफआय वाटणीत आपापल्या फोल्डरात असतो, आणि त्यांचा क्रम मदरबोर्डच्या स्मरणात. पाट्या शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. तरी काढण्याचा क्रम तोच आहे. आधी फाइलींची प्रत घ्या, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग फर्मवेअरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करा आणि विंडोज खरेच उठते का ते पाहा. त्यानंतरच लिनक्सच्या वाटण्या पुसा. ईएफआय वाटणी मात्र पुसू नका, ती सामाईक आहे. तिच्यातले फक्त लिनक्सचे फोल्डर काढायचे.

आता 'मूळ' या शब्दाकडे येऊ. 'मूळपदावर आणा' म्हणताना आपण गृहीत धरतो की विंडोज हे मूळ आणि लिनक्स उपरे. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराट या गावच्या छोट्या शाळेत, २००७ मध्ये 'एका मुलाला एक लॅपटॉप' योजनेची यंत्रे आली. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत नेहमीचा बायोस नव्हता, ओपन फर्मवेअर होते. फेडोरा लिनक्स होते आणि त्यावर मुलांसाठी केलेला 'शुगर' हा पडदा. विंडोज नव्हतेच. २००८ मध्ये त्याच लॅपटॉपवर एक्सपी चालवण्याची घोषणा झाली, तेव्हा उपरे कोण होते? खैराटच्या पोराला 'मूळ संगणक दाखव' म्हटले असते तर त्याने लिनक्सच दाखवले असते.

तेव्हा मूळ म्हणजे आपल्या हाती आले तेव्हा जे होते ते, एवढेच. ते पवित्र नाही, आणि टाकाऊही नाही. परत जाण्यात कमीपणा नाही. पण परतीची वाट ठाऊक असली तरच जाण्याचे धाडस करावे, आणि जो नवी वाट दाखवतो त्याने परतीचीही सांगावी. त्या टपालाच्या सीडीबरोबर आम्हाला ती कोणी सांगितली नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती. तुम्ही विचारा.