उपदेश, मंडळी आणि वर्णसमेट : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

रविवारचा उपदेश वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही. तो सांगितला जातो, ऐकला जातो आणि बहुतेक वेळा सोमवार उजाडेपर्यंत विसरलाही जातो. तरीही अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांच्या संबंधांचा इतिहास उपदेशाला वगळून लिहिता येत नाही. गुलामगिरीला शास्त्राधार पुरवला तो उपदेशकांनी, आणि वर्णभेद हे पाप आहे असे मंडळीच्या तोंडावर सांगितले तेही उपदेशकांनीच. हा दुहेरी वारसा तपासणाऱ्या अभ्यासाकडे धर्मशास्त्राचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे असे सगळेच विद्यार्थी आपापल्या वाटेने येतात. वाचक श्रद्धावंत असो वा नसो, इथे त्याचे स्वागत आहे. त्याने फक्त एक प्रश्न सतत सोबत ठेवावा : उपदेश संपल्यावर मंडळीत काय बदलले?

दुराव्याचा उगम समजून घ्यायला फिलाडेल्फियाला जावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये, प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या ॲब्सलोम जोन्स या कृष्णवर्णीय उपासकाला ‘तुमची जागा ही नव्हे’ म्हणून ओढून उठवण्यात आले. जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती चर्चबाहेर पडले. ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च सुरू केले आणि १८१६ मध्ये त्यातूनच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या मंडळ्यांमागे असा अपमान आहे. दुसरीकडे, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आले. या संस्थेने आपल्या भूतकाळाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे तब्बल दीडशे वर्षांनी. मधल्या काळात बायबलमधील उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहाचा शाप आफ्रिकी लोकांच्या माथी मारणारे उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. मुळात तो शाप कनानला आहे आणि त्या उताऱ्यात कुणाच्याही कातडीच्या रंगाचा उल्लेख नाही.

मग अभ्यास स्थानिक मंडळीचाच का करायचा? कारण ठराव महासभेत होतात, पण शेजारी कोण बसणार हे गावातल्या मंडळीतच ठरते. शिवाय व्यासपीठाचे स्वातंत्र्य बरेचसे मंडळीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. बॅप्टिस्ट मंडळी आपला पाळक स्वतः नेमते आणि मतदानाने काढूनही टाकते. मेथडिस्ट पाळकाची नेमणूक बिशप करतो. कृष्णवर्णीय पाळकाचा पगार त्याचीच मंडळी देत असे. गोऱ्या मालकाची मर्जी सांभाळण्याची गरज नसल्यामुळे नागरी हक्कांच्या चळवळीला इतके पुढारी व्यासपीठांवरून मिळाले. पगार कोण देतो हे कळल्याशिवाय उपदेशकाचे धैर्य मोजता येत नाही.

या दृष्टीने १९६३ हे वर्ष नीट अभ्यासण्यासारखे आहे. जानेवारीत मिसिसिपीतील २८ गोऱ्या मेथडिस्ट पाळकांनी वर्णभेदाविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. लवकरच त्यांतील बहुतेकांना ते राज्य सोडावे लागले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून प्रसिद्ध पत्र लिहिले. ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते, आणि त्याचा रोख उघड शत्रूंपेक्षा सबुरीचा सल्ला देणाऱ्या मवाळांवर अधिक होता. त्या आठांपैकी अर्ल स्टॉलिंग्ज यांनी आपल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना येऊ दिले होते, याची किंग यांनी त्याच पत्रात आवर्जून दखल घेतली. सप्टेंबरमध्ये त्याच शहरातील सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली मारल्या गेल्या. पुढे १९७० मध्ये, एका कृष्णवर्णीय आईला आणि तिच्या मुलीला सभासद करून घ्यावे की नाही, यावरून स्टॉलिंग्ज यांची जुनी मंडळी फुटली. दार उघडणे आणि घरात हक्क देणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या एका मंडळीच्या सात वर्षांत दिसते.

नंतरच्या संशोधनाने हेच अंतर उलगडून दाखवले. मायकेल इमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञांच्या २००० सालच्या ‘डिव्हायडेड बाय फेथ’ या ग्रंथाने असे मांडले की, गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती वर्णभेदाकडे व्यक्तीच्या मनातला दोष म्हणून पाहतात. त्यामुळे मैत्री जोडली की काम झाले, असे त्यांना वाटते. घरे, शाळा आणि वेतन यांतील विषमता नजरेआडच राहते. कोरी एडवर्ड्स यांनी २००८ मध्ये दाखवले की, मिश्र मंडळ्यांतही उपासनेची रीत आणि सत्तेची घडी बहुधा गोऱ्यांच्या सोयीची राहते. मिसिसिपीचे जॉन पर्किन्स मात्र वर्णांमधल्या समेटाबरोबर दोन गोष्टी सतत सांगत राहिले : वंचितांच्या वस्तीत राहायला जाणे आणि साधनसंपत्तीचे न्याय्य वाटप. नवख्या अभ्यासकाने ही तिन्ही मते शेजारी ठेवून वाचावीत.

तुलनेसाठी दक्षिण आफ्रिका आहेच. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ म्हणून, वेगळ्या उपासनेला मुभा दिली. सवलत म्हणून आलेली गोष्ट पुढे धर्मतत्त्व होऊन बसली. १९६३ मध्ये, वर्णभेदाला विरोध करणारे याच चर्चचे पाळक बायर्स नॉदे यांनी जोहान्सबर्गमधील आपल्या मंडळीला अखेरचा उपदेश केला आणि व्यासपीठ सोडले. १९८६ मध्ये तिथल्या मिश्रवर्णीयांच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने बेलहार विश्वासांगीकार स्वीकारला. त्यात ऐक्य, समेट आणि न्याय एकत्र गुंफले आहेत. न्याय वजा करून समेट साधणार नाही, हा त्याचा गाभा आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय उपदेशक हॉवर्ड थर्मन १९३५-३६ मध्ये भारतात आले, बारडोलीला गांधीजींना भेटले, आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्व वर्णांची मंडळी स्थापण्यात सहभागी झाले. पुढे किंग यांचे गुरू ठरलेले बेंजामिन मेज यांनी वर्ध्याला येऊन गांधीजींशी चर्चा केली होती. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूत ज्या विचाराला चालना दिली, त्यातून दलित ईश्वरविज्ञान आकाराला आले, आणि त्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानाशी संवाद राखला. जात आणि वर्ण या एकच गोष्टी नव्हेत. एकीचे उत्तर दुसरीला जसेच्या तसे लावू नये. पण एकाच प्रभुभोजनाला बसणाऱ्यांत रोटीबेटीचा आणि अधिकाराचा दुरावा का उरतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच टोचतो.

म्हणून वाचकाला एक विनंती. समेटावरचा कोणताही उपदेश हाती आला, तर त्याच्या शब्दसौंदर्यावर थांबू नका. तो कोणी, कोणापुढे आणि कोणत्या साली केला ते पाहा. मग त्या मंडळीची सभासदयादी, कार्यकारी समिती आणि जमाखर्च यांत पुढे काय फरक पडला, ते शोधा. उपदेशाचे खरे भाष्य त्या कागदांत असते.