भिंतींतील गिट्टी

भिंतीवरील खुंटी स्वतःच्या बळावर उभी नसते; तिला भिंत धरून ठेवते. ही गोष्ट मनुष्याला फार पूर्वीं उमगली होती. मिरा-भाईंदरच्या दक्षिणेकडील डोंगरांत असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत लांकडी चौकटींसाठीं खडकांतच खोबणी कोरलेल्या आढळतात. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहांत दगडी छताखालीं बसविलेल्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत.

पुढें विटांच्या भिंतींत कारागीर छिन्नीनें चौकोनी भोंक पाडी, लांकडाची गिट्टी ठोकी व तिच्यांत स्क्रू पिळी. परंतु त्यानें भिंत विद्रूप होई, आणि लांकूड सुकून आकसलें कीं गिट्टी सैल पडे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें विजेचीं उपकरणें भिंतींस इजा न करतां बसविण्याचें काम जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांजकडे आलें, तेव्हां या अडचणीवर उपाय शोधणें त्यांस भाग पडलें. इ. स. १९११ मध्यें त्यांनीं तागाचे धागे चिकट द्रव्यानें बांधून एक लहानशी नळी तयार केली. स्क्रू आंत शिरतांच ती फुगे व भोंकाच्या कडांस घट्ट बिलगे. जगाला लागणारा ताग त्या काळीं मुख्यतः बंगाल पुरवीत असे. शोधकाच्या आडनांवावरून ती 'रॉलप्लग' ठरली. आपल्याकडील कारागिरांनीं तिला 'रावलप्लग' केलें. इ. स. १९५८ मध्यें जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनीं नायलॉनची गिट्टी काढली; ती लांकडाप्रमाणें कुजत वा आकसत नाहीं. जड ओझ्यासाठीं पोलादी बोल्ट वापरतात. नट आवळला कीं त्याच्या टोकाचा शंकु मागें ओढला जाऊन भोंवतालची नळी फाकवितो.

मात्र जो दाब धरतो, तोच फोडतोही. पाथरवट पाचर ठोकूनच दगड दुभंगतो. म्हणून काँक्रीटच्या अगदीं कडेला असा बोल्ट आवळल्यास कड उडते. पोकळ विटेंत त्याला दाबावयास कांहींच सांपडत नाहीं. आणि नुसत्या गिलाव्यांत घातलेली गिट्टी गिलाव्यासकट बाहेर येते.

मिठागरें व शेतीवाडी यांच्या या प्रदेशांत इ. स. १९८५ मध्यें नगरपरिषद व २००२ मध्यें महानगरपालिका झाली, आणि गांवठाणांभोंवतीं उंच इमारती उठल्या. त्यांच्या भिंती एकसारख्या नाहींत: कोठें काँक्रीट, कोठें वीट, कोठें हलका ठोकळा. त्यांत खाडीची खारी हवा साध्या लोखंडास लवकर गंज चढविते. म्हणून बाहेरच्या बाजूस जस्ताचा जाड मुलामा दिलेला अथवा स्टेनलेस पोलादाचा बोल्ट हवा. भिंत ओळखून गिट्टी निवडावी, भोंक मापाचें व पुरेसें खोल पाडावें, आंतील भुकटी झाडून काढावी. भुकटीमुळें पकड ढिली पडते. हें काम दोन मिनिटांचें आहे. तथापि गच्चीच्या ज्या जाळीला टेकून मूल रस्ता पाहत उभें राहतें, तिचा सारा भार त्या बोटभर भोंकांवरच असतो.