चौल बंदर आणि घोड्याचे वय

घोड्याचे आयुष्य साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे असते. पाचव्या वर्षी तो पुरता वयात येतो. पंधराच्या पुढे त्याला उतरण लागते आणि विशीत पाठ खचते, डोळ्यांच्या वर खळगे पडतात, तोंडावर पांढरे केस दिसू लागतात. पण या हिशेबाला न जुमानणारी जनावरे बहुतेक प्रत्येक पागेत निघतात. असा अठरा-वीस वर्षांचा घोडा मोकळा सोडला की शेपटी उभारून फेऱ्या मारतो, मागच्या लाथा झाडतो, शेजारच्याच्या मानेला लटकेच दात लावतो आणि खोगीर दिसताच शिंगरासारखा बाजूला उडी घेतो. मालकाला त्याचे कौतुक असते, गिऱ्हाइकाला मात्र संशय येतो. हा संशय रायगडच्या किनाऱ्याला नवा नाही. अलिबाग तालुक्यातल्या चौल बंदरात उतरणारे घोडे समुद्रापलीकडे जन्मलेले असत. त्यांचे वय एक तर विकणाऱ्याच्या तोंडून कळे, नाही तर घोड्याच्या तोंडातून.

कोकणाला घोडा बाहेरूनच आणावा लागे, आणि त्याची कारणे जमिनीत व हवेत आहेत. जांभ्याच्या जमिनीत चुना कमी, त्यामुळे गवत उंच वाढले तरी त्यात कस नसतो. अशा चाऱ्यावर शिंगराची हाडे नीट भरत नाहीत. चार महिने चिखलात उभे राहून खूर कुजतात. त्यातच पश्चिम भारतात ‘कमरी’ नावाने ओळखला जाणारा रोग आहे. घोड्याचा मागचा भाग लुळा पडतो, चालताना कंबर डुलते आणि पुढे जनावर बसते ते उठतच नाही. जुने लोक त्याचा दोष दमट हवेला देत. पुढे कळले की गुराढोरांच्या पोटातल्या एका जंताची पिल्ले डासांमार्फत घोड्याच्या मज्जारज्जूत शिरतात. गुरे, डास आणि पाऊस या तिन्हींची कोकणात कधीच वाण नव्हती. बंदरात उतरलेला घोडा शक्य तितक्या लवकर घाट चढवून देशावर नेण्याची रीत त्यामुळेच पडली असावी.

चौल हे फार जुने बंदर आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्याला लागून ते वसलेले आहे. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ म्हणून येते. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे आला तेव्हा आखाती देशांतून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. दख्खनमध्ये बहमनी राज्य उभे राहिल्यावर घोड्यांची मागणी अतोनात वाढली, कारण बहमनी आणि विजयनगर या दोन्ही सत्ता घोडदळावर लढत होत्या. एकाला घोडे मिळाले नाहीत की दुसऱ्याचे पारडे जड होई. पोर्तुगीज व्यापारी नुनिश याने विजयनगरच्या साळुव नरसिंहाबद्दल एक गोष्ट नोंदवली आहे. हा राजा मेलेला घोडाही विकत घेई. समुद्रात दगावलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी जिवंत घोड्याची किंमत हातावर पडे. एवढा तोटा राजा सोसत होता, यावरून प्रवासात किती घोडे मरत असतील याचा अंदाज बांधता येतो.

कोकणच्या किनाऱ्यावर या मागणीची दुसरीही बाजू होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिले आहे की तिथल्या राजाचा चाच्यांशी सरळ करार होता. लुटीतला बाकीचा माल चाच्यांनी घ्यावा आणि घोडे तेवढे राजाला द्यावेत.

चौलच्या या व्यापाराचा आतून पाहिलेला वृत्तांत एका रशियन माणसाने ठेवला आहे. त्व्हेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला. मस्कत, दीव, खंबायत असा किनारा धरत त्याचे गलबत चौलला लागले. चौलहून पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा आणि तिथून जुन्नरला सात, असे मुक्काम त्याने दिले आहेत. ही पाली बल्लाळेश्वराची मानली तर चौलपासून ती फार लांब नाही. आठ दिवस लागले यावरून तांडा रमतगमत चालला असावा, किंवा गलबतात उभे राहून आखडलेल्या घोड्याला पाय मोकळे करायला वेळ दिला असावा.

जुन्नरला तिथला अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला. मालक मुसलमान नाही असे कळताच खानाने अट घातली की धर्म बदललास तर घोडा मिळेल आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडाही जाईल आणि वर हजार मोहरा दंडही द्यावा लागेल. खोरासानच्या एका खोजाने मध्यस्थी केली म्हणून निकितिनला त्याचा घोडा परत मिळाला. पुढे बिदरला नेऊन, वर्षभर पोसून त्याने तो विकला. भारतात घोडे पैदा होत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. हे शब्दशः खरे नाही, पण चौल ते बिदर या वाटेवर त्याला जे दिसले त्यावरून दुसरा निष्कर्ष निघणे कठीण होते. इथे घोड्यांना वाटाणे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपले. आळंद (आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले) येथील उरुसाच्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असा आकडा तो देतो. आकडा फुगवलेला असू शकतो, बाजार मात्र मोठाच असणार. व्यापारी म्हणून निकितिनला फारसे यश आले नाही. हिंदुस्थानात आपल्या देशाला लागणारा माल भरपूर आहे असे सांगून आपल्याला फसवले, अशी तक्रार त्याने मोकळेपणी केली आहे. त्याच्या प्रवासावर १९५७ मध्ये ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला आणि रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे.

बंदरात उतरलेल्या अशा परक्या घोड्याचे वय कसे ठरवत? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घोड्यांवर एक प्रकरण आहे आणि त्यात दातांच्या रंगावरून वय सांगण्याची पद्धत दिली आहे. दातांवरची खूण आधी काळी, मग पिवळी, पांढरी, काचेसारखी, मधाच्या रंगाची आणि शंखासारखी होते, प्रत्येक अवस्था तीन वर्षांची, आणि त्यानंतर दात हलू व पडू लागतात. बहमनी दरबारात शालिहोत्राच्या अश्वशास्त्राचे फारसीत भाषांतर झाले. घोड्याच्या वैद्याला मराठीत साळोत्री म्हणतात ते याच परंपरेतून.

आजचे पशुवैद्यही आधी तोंडच उघडतात. पटाशीच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास दूधदात टाकून पक्की येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांचा घोडा ‘भरल्या तोंडाचा’ होतो. नव्या दाताच्या माथ्यावर एक काळसर खळगी असते. ती खालच्या जबड्यात मधल्या जोडीवर सहाव्या वर्षी, शेजारच्या जोडीवर सातव्या आणि कडेच्या दातांवर आठव्या वर्षी झिजून जाते. आठच्या पुढे अंदाज सुरू होतो. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दाताला हिरडीपाशी एक उभी चीर दिसू लागते. ती पंधराला अर्ध्या दातापर्यंत व विसाला टोकापर्यंत पोहोचते. दात लांब होतात आणि पुढे कलतात. वाळूमिश्रित चारा खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या घोड्यांचे दात लवकर झिजत असल्याने हा हिशेबही तेथे दोन-तीन वर्षांनी चुकू शकतो.

घोडेबाजारातल्या लबाड्या जगभर सारख्याच आहेत. झिजलेल्या दातावर नवी खळगी कोरून ती डागून काळी करायची, तोंडावरचे पांढरे केस रंगवायचे, डोळ्यांवरच्या खळग्यात कातडीखाली हवा भरायची. या साऱ्या युक्त्या दिसण्यापुरत्या झाल्या. वागणे बदलण्याचीही युक्ती होती. शेपटीखाली आले लावले की आगीने हैराण झालेला थकला घोडा शेपूट उंच धरून नाचत चालू लागे. अवखळपणा हा तारुण्याचा पुरावा म्हणून जाणता माणूस स्वीकारत नसे, त्यामागे हे एक कारण आहे.

सोळाव्या शतकात या व्यापाराची सूत्रे बदलली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि परवान्यांच्या जोरावर आखातातून येणाऱ्या घोड्यांचा मोठा ओघ तिकडे वळवला. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला कोटाचे काम सुरू केले, आणि वरचे चौल निजामशाहीकडे राहिले. एका खाडीवर दोन सत्तांचे दोन गाव अशी विचित्र स्थिती दीर्घकाळ टिकली. निजामशाहीने १५७०-७१ मध्ये वेढा घालूनही रेवदंडा पडला नाही. तो मराठ्यांकडे आला १७४० मध्ये. तोवर चौलचे वैभव ओसरले होते.

मराठ्यांनी घोड्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यांत परदेशी रक्ताचे घोडे आणि देशी घोड्या यांच्या संकरातून भीमथडी तट्टे तयार झाली. ती अंगाने बुटकी, खायला कमी आणि चालायला चिवट होती. मोहिमेतला बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचे जनावर आणी. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीरोटीच जाई, त्यामुळे जनावराला उतारवयापर्यंत राबते ठेवण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक होते. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणे आणि गवत आताच उधळले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारलीत असे होईल आणि मग तुम्ही रयतेला लुबाडायला लागाल, असा त्याचा आशय आहे. कोकणातल्या पावसाळ्यात घोडे जगवणे किती अवघड होते, याची याहून थेट साक्ष सापडणे कठीण.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अरबी घोड्यांचा बाजार मुंबईला गेला. भेंडीबाजारातल्या तबेल्यांत आखातातून आलेले घोडे मिळत आणि ते लष्कर, शर्यती व पोलो या तिन्हींसाठी विकत घेतले जात. याच बाजारातला एक घोडा म्हाताऱ्या पण तडफदार घोड्यांचा सर्वांत नामांकित नमुना ठरला. १८७७ मध्ये फ्रेडरिक रॉबर्ट्स या सेनाधिकाऱ्याने मुंबईत एक करडा-पांढरा अरबी घोडा घेतला आणि एका लुशाई सरदारावरून त्याचे नाव व्होनोलेल ठेवले. १८८० च्या काबूल ते कंदाहार या कूचीत तो रॉबर्ट्सच्या मांडीखाली होता. राणी व्हिक्टोरियाने त्या मोहिमांची पदके घोड्याला घालण्याची परवानगी दिली. १८९७ मध्ये लंडनला राणीच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक निघाली तेव्हा रॉबर्ट्स पुन्हा त्याच्याच पाठीवर होता. १८९९ मध्ये तो मेला आणि डब्लिनच्या किल्मेनम रुग्णालयाच्या आवारात त्याला पुरले. थडग्यावर त्याचे वय एकोणतीस दिले आहे. ते खरे धरले तर तोफा, बँड आणि लाखोंच्या गर्दीतून तो चालला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

अरबी घोडा उशिरा वयात येतो. कोणत्याही घोड्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर त्याच्यावर ओझे पडले नाही तर सांधे पुढे दीर्घकाळ साथ देतात असे मानतात. शर्यतीच्या थरोब्रेडची गोष्ट उलट आहे. दुसऱ्या वर्षीच त्याला धावपट्टीवर आणतात आणि सहा-आठ वर्षांचा होईतो बहुतेकांची कारकीर्द संपते. मुंबईच्या महालक्ष्मीहून (हे मैदान १८८३ पासूनचे) निवृत्त झालेल्या घोड्यांपैकी काही रायगड जिल्ह्यात येतात. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने बऱ्याच प्रवाशांची भिस्त घोड्यांवर असते. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात आणि काशीदच्या वाळूवर पर्यटकांना फेरी मारायला घोडे मिळतात. ओली, घट्ट वाळू टापेचा धक्का शोषून घेते म्हणून म्हाताऱ्या सांध्यांना ती मानवते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र पायाच्या कंडरा ताणल्या जातात आणि चाऱ्याबरोबर पोटात गेलेल्या वाळूने पोटशूळ उठतो.

अशा घोड्यांपैकी काही जण मोकळे सुटताच उधळतात आणि बघणाऱ्याला वाटते, म्हातारपणी जनावर खुशीत आहे. नेहमी तसे नसते. मार्टिन हाउसबर्गर आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये स्वारीच्या घोड्यांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला की प्रौढपणी खूप खेळणाऱ्या घोड्यांत दीर्घकाळच्या ताणाची लक्षणे जास्त दिसली. दिवसभर बांधलेला, दाणा भरपूर आणि काम कमी असलेला घोडा सुटला की साठलेली रग बाहेर काढतो. मोकळ्या रानात, कळपात राहणारे प्रौढ घोडे तुलनेने कमीच खेळतात. म्हणून जाणते मोतद्दार उड्या मोजत नाहीत, कान पाहतात. कान सैल आणि पुढे असतील, चावण्याची लय शांत असेल, तर तो अवखळपणा निकोप समजतात. कान मागे पडलेले, शेपटी सारखी फटकारलेली, दात आवळलेले, तर कुठे तरी दुखते आहे किंवा कोंडमारा होतो आहे. विशीपुढच्या घोड्याच्या दाढांचे धारदार कंगोरे वर्षातून एकदा कानसून घ्यावे लागतात, नाही तर गाल फाटतात आणि वैरण अर्धवट चावून बाहेर पडते. ज्यांच्या दाढा पार झिजल्या आहेत त्यांना भिजवलेला कोंडा आणि बारीक कापलेली वैरण द्यावी लागते.