नसलेला जुळा

लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांना त्यातील प्रसंग कदाचित क्रमाने सांगता येणार नाहीत. परंतु आपण रंगमंचावर केवळ एका माणसाला पाहिले, हे त्यांना मुद्दाम आठवावे लागते. मराठवाड्यातील एका खेड्यातून लंडनला निघालेले अख्खे वऱ्हाड हा एकटा गृहस्थ उभे करीत असे. पात्रे बावन्न, नट एक. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या औरंगाबाद शहरातील विद्यापीठात ते नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. 2009 साली ते निवर्तले. आवाजात थोडा फरक, मानेला जरासा हेलकावा, उभे राहण्याची निराळी ढब, एवढ्या सामग्रीवर ते माणसे बदलीत.

त्या प्रयोगात प्रेक्षकाची फसवणूक नव्हती. एकाचे बावन्न होताना तो आपल्या डोळ्यांनी पाहत असे आणि राजीखुशीने मान डोलावीत असे. नाट्यवाङ्मयात मात्र याच्या उलट जातीची एक फार जुनी युक्ती आहे. तीत एकाचे फक्त दोनच करावयाचे असतात. ‘तुम्ही पाहिलात तो मी नव्हे, तो माझा जुळा भाऊ’, किंवा ‘ती माझी जुळी बहीण’. प्रेमिकांना वाचविण्यासाठी ही थाप मारली जाते, प्रेक्षक पोट धरून हसतो आणि शेवटी लग्न लागते. या थापेचा इतिहास थोडक्यात सांगावा असे बरेच दिवस आमच्या मनात होते. तो सांगताना आम्हांला आमचीही एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती यथास्थळी येईल.

सेमिनरीत असताना लॅटिनच्या अभ्यासात सिसेरो आणि संत आगुस्तीन यांच्या भारदस्त वाक्यांखाली आम्ही दबून गेलो होतो. अशा वेळी ग्रंथालयात प्लौटसची नाटके हाती लागली आणि याही भाषेत माणसे एकमेकांना शिव्या देत, उसने मागत व खोटे बोलत असत, हे कळून मोठा दिलासा मिळाला. प्लौटस हा रोमचा विनोदी नाटककार. इसवी सनापूर्वी 184 च्या सुमारास तो वारला. त्याचे ‘मिलेस ग्लोरिओसुस’, म्हणजे ‘बढाईखोर शिपाई’, हे नाटक साधारण इसवी सनापूर्वी 205 च्या आसपासचे मानतात. ‘अलाझोन’ नावाच्या एका ग्रीक नाटकावरून आपण हे घेतले, असे नाटकातच सांगितलेले आहे. तेव्हा थाप त्याहूनही जुनी.

नाटक घडते एफेसस नगरात. संत पौलाच्या प्रवचनांनी धंदा बुडेल या धास्तीने जेथील सोनारांनी पुढे दंगल माजविली, तेच हे एफेसस. तेथे एका शिपाईगड्याने अथेन्सची एक तरुणी पळवून आणून घरात ठेवली आहे. तिचा प्रियकर तिच्या शोधात येऊन शेजारच्या म्हाताऱ्याकडे उतरतो. शिपायाच्या घरी पॅलिस्ट्रिओ नावाचा दास आहे. तो मूळचा त्या प्रियकराचाच. तो दोन घरांमधील भिंतीला गुपचूप एक भोक पाडतो, आणि प्रेमिकांच्या गाठीभेटी सुरू होतात.

विघ्न येते ते एका माकडाच्या पायी. तरुणीवर पहारा करण्यासाठी नेमलेला दुसरा दास, स्केलेड्रस, पळालेल्या माकडामागे छपरावर चढतो. त्या काळच्या घरांचा मधला चौक वरून उघडा असे. तेथून त्याला शेजारच्या घरात ती तरुणी परक्या पुरुषाच्या मिठीत दिसते. त्याने जे पाहिले ते अक्षरशः खरे आहे. धन्याला सांगावे तर तरुणी गोत्यात, न सांगावे तर स्वतःचे कातडे सोलले जाणार. हा बिचारा भीतीने अर्धा झालेला असतानाच पॅलिस्ट्रिओ आपली शक्कल काढतो: त्या तरुणीची हुबेहूब तिच्यासारखी जुळी बहीण अथेन्सहून आली असून ती शेजारी उतरली आहे.

येथून पुढचा भाग निव्वळ पळापळीचा आहे. स्केलेड्रस घरात डोकावतो, तर तरुणी आत. दारावर हात पसरून उभा राहतो, तर ती शेजारच्या दारातून बाहेर येते आणि ‘तू कोण? मी तुला ओळखत नाही’ म्हणते. तो पुन्हा घरात धावतो. तोवर ती भोकातून परतलेली असते. ‘माझी जुळी बहीण आली आहे असे मला काल स्वप्न पडले’, असेही ती भाबडेपणाने सांगून ठेवते. शेवटी शेजारचा म्हातारा त्यालाच दरडावतो, आणि स्केलेड्रस आपल्या डोळ्यांचा दोष पदरात घेऊन क्षमा मागतो. तरुण वयात हा प्रवेश वाचून आम्ही इतके हसलो की ग्रंथपाल फादरांनी चष्म्यावरून पाहिले.

हे नाटक नीट पाहिले म्हणजे या थापेचे मर्म ध्यानात येते. प्लौटसच्याच ‘मेनेक्मी’ नाटकात जुळे भाऊ खरे आहेत. शेक्सपिअरने त्यावरून ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ रचले, जुळ्यांची एक जोडी होती तिच्या दोन केल्या आणि कथानक मुद्दाम एफेससलाच नेले. मराठीत ते 1878 साली ‘भ्रांतिकृत चमत्कार’ होऊन आले, तर हिंदी पडद्यावर गुलझार यांनी 1982 साली त्याचा ‘अंगूर’ केला. खऱ्या जुळ्यांच्या या कुळात सगळेच चुकतात, कोणी कोणाला चुकवीत नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या फाल्गुनरावाचीही तीच गत. 1893 च्या ‘तसबिरीच्या घोटाळ्या’त आणि 1916 साली संगीत होऊन आलेल्या ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनराव डोळ्यांवर भलताच विश्वास ठेवतो, नको ते पाहतो आणि नको तो निष्कर्ष काढतो. त्याला हसताना मनाला काही बोचत नाही, कारण चूक त्याचीच असते. नसलेल्या जुळ्याच्या प्रहसनात मात्र एक माणूस बरोबर पाहतो, आणि त्याने बरोबर पाहिले हाच अडचणीचा मुद्दा होऊन बसतो. त्याला लाच द्यावी एवढी त्याची किंमत नसते, मारावे तर बोभाटा होतो. म्हणून त्याच्या डोळ्यांवरचा त्याचाच विश्वास काढून घेतात.

पवित्र शास्त्रातील याकोबाची आठवण येथे वाचकांना झाली असेल. त्याला तर खराच जुळा भाऊ होता, आणि तो एसाव बनून आंधळ्या इसहाकापुढे उभा राहिला. म्हाताऱ्याच्या कानांनी आवाज बरोबर ओळखला होता. पण हातांना लागलेल्या केसाळ कातड्याने कानांना खोटे पाडले. (पुढे लाबानाने याच याकोबाला लग्नाच्या रात्री राहेलीऐवजी लेआ दिली, तेव्हा त्याला आपल्या बापाची आठवण झाली की नाही, हे शास्त्रात नाही. आम्हांला वाटते, झाली असावी.)

आपल्याकडे या थापेचा सर्वांत लोकप्रिय अवतार म्हणजे 1979 चा हृषिकेश मुखर्जी यांचा ‘गोलमाल’. चित्रपट हिंदी, परंतु त्याचा नायक अमोल पालेकर मराठी रंगभूमीवर घडलेला, आणि या भूमिकेसाठी त्यांना त्या वर्षीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ज्यांच्या घरी दूरदर्शन संच उशिरा आला त्यांनीही तो शेजारच्या घरी बसून पाहिलेला असतो, म्हणून कथा विस्ताराने सांगत नाही. ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, असे मानणारे मालक भवानीशंकर. त्यांच्या मर्जीसाठी खेळाची व गाण्याची नावड असल्याचे सोंग करणारा रामप्रसाद. हॉकीच्या सामन्याला गेलेला तो मालकांच्या नजरेस पडतो आणि लक्ष्मणप्रसाद नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालतो. मालक त्याच लक्ष्मणला कन्येचा गायनशिक्षक नेमतात. वडिलांना जावई हवा राम, मुलीचे मन लक्ष्मणावर. थापेला थाप लागत जाते आणि दीना पाठक यांनी रंगविलेल्या उसन्या आईलाही एका जुळ्या बहिणीची गरज पडते. प्लौटसच्या भिंतीतले भोक येथे मिशीत आले आहे. रामकडून लक्ष्मणकडे जाण्याची ती चिंचोळी वाट.

मुखर्जींनी या जुन्या कथेत एक मोठा बदल केला. डोळे खोटे ठरविले जातात ते येथे दासाचे नव्हे, धन्याचे. उत्पल दत्तांचे भवानीशंकर श्रीमंत आहेत, हेकट आहेत, आणि त्यांच्या फसवणुकीचे मूळ त्यांच्याच मिशीच्या तत्त्वज्ञानात आहे. आपण मोकळ्या मनाने हसतो, कारण त्यांचे फारसे काही बिघडणार नसते. चित्रपटाच्या अखेरच्या छायाचित्रात तेच मिशी उतरवून हसत बसलेले दिसतात. स्केलेड्रसच्या वाट्याला असे छायाचित्र कोठून येणार?

थाप हीच, पण हसू आटलेले, असे एक मराठी नाटक आहे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आले. खऱ्या खटल्याचा आधार घेऊन अत्र्यांनी ते लिहिले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या नावांनी त्याने लग्ने केली आणि बायकांना लुबाडले, असा आरोप. बायका एकामागून एक साक्षीच्या पिंजऱ्यात येतात, बोट दाखवितात, आणि आरोपी शांतपणे सांगतो की ज्याने हे केले तो दुसरा कोणी, मी नव्हेच. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका जन्मभर केली. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालय क्षणात मागे जाई आणि ज्या घरात ती लबाडी घडली ते घर पुढे येई. प्लौटसकडे दोन दारे होती. लखोबाकडे गावोगाव दारे आहेत, आणि एका दारातल्या माणसांना दुसऱ्या दाराची वार्ता नाही.

त्या स्त्रियांना स्वतःचा नवरा ओळखता येत नाही, असे भर न्यायालयात सुचविले जाते तेव्हा प्रेक्षागृहातही हशा पिकतो. आम्ही नाटक पाहिले त्या रात्री पिकला होता, आणि आम्हीही हसलो होतो. परतीच्या वाटेवर मात्र एका म्हाताऱ्या बाईची आठवण झाली.

लग्नाच्या बाबतीत ख्रिस्तसभेला गावोगावच्या दारांची धास्ती फार पूर्वीपासून आहे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची आगाऊ जाहीर सूचना सर्वत्र सक्तीची केली. 1563 साली ट्रेंट परिषदेने ती लागोपाठ तीन सणवारी वाचावी असे ठरविले. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काही ठाऊक असेल तर त्याने पुढे यावे, हा हेतू. पंचवीसएक वर्षांपूर्वी, आम्ही नव्याने दीक्षित झालो असताना, मराठवाड्यातील एका धर्मग्रामात आम्ही अशी सूचना दुसऱ्या रविवारी वाचली. मिस्सानंतर एक आजी प्रार्थनालयाच्या मागल्या दाराशी थांबल्या. म्हणाल्या, “फादर, ह्या पोराचं लगीन मी पाहिलंय. भाचीच्या गावात. जेवून आले तिथं.”

आम्ही मुलाला बोलावले. चांगला शिकलेला, नम्र, बोलण्यात स्वच्छ. तो जराही गडबडला नाही. “तो माझा चुलतभाऊ, फादर. आम्हांला लहानपणापासून सगळे जुळेच म्हणतात.” आमचा विश्वास बसला. आजींना सही करता येत नव्हती, त्यांचे लुगडे ठिगळांचे होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. या तिन्ही गोष्टी आम्ही नकळत एकाच खात्यावर मांडल्या असाव्यात. पुढे भेटल्यावर आम्ही त्यांना समजावले, की तुमची नजर आता पूर्वीसारखी नाही. त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “असंल, फादर.” आणि काठी टेकीत गेल्या.

मुलाने दिलेला स्नानसंस्काराचा दाखला जुना होता. नियमाप्रमाणे तो सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण विवाह झाला की त्याची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ वहीत, त्या माणसाच्या नावासमोर करून ठेवतात. जुन्या दाखल्यावर ती येणार कशी? आम्ही केवळ कागदपत्र पुरे करण्याच्या शिस्तीपोटी त्याच्या मूळ धर्मग्रामाला पत्र टाकले होते, संशयापोटी नव्हे. तिसऱ्या रविवारच्या आधी उत्तर आले. नाव तेच, आईवडील तेच, आणि विवाहाची तारीख. चुलतभाऊ नव्हताच.

लग्न थांबले. मुलीकडची माणसे आमचे आभार मानून गेली. आजींकडे जाण्यास आम्हांला चार दिवस लागले. कामे होती असे आम्ही तेव्हा स्वतःला सांगितले. त्या ज्वारी पाखडीत बसल्या होत्या. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी सूप खाली ठेवले नाही. “मला वाटलं, खरंच दिसंनासं झालं,” म्हणाल्या. “त्या दिवसापासनं चूल पेटवायची भ्या वाटायली होती.”

अलीकडे प्लौटसचे ते नाटक आम्ही पुन्हा काढून वाचले. पहिल्या वाचनात त्याचा शेवट आमच्या स्मरणात राहिला नव्हता. तरुणी ‘आई आणि जुळी बहीण न्यायला आल्या’ या नव्या थापेवर शिपायाची राजरोस परवानगी घेऊन, वर भेटवस्तू घेऊन, प्रियकरासह जहाजात बसून निघून जाते. शिपाई शेजारच्या घरी मार खातो. शेवटच्या प्रवेशात सामान पोहोचवायला बंदरावर गेलेले दास परत येतात, आणि त्यांतील एक जण धन्याला सांगतो की एका डोळ्यावर पट्टी बांधून तिला न्यायला आलेला तो खलाशी म्हणजे तिचा प्रियकरच होता, मी डोळ्यांनी पाहिले. अनेक आवृत्त्यांत या दासाचे नाव स्केलेड्रस असेच छापलेले आहे.