वैभव विळा म्हणजे काय? तो साध्या विळ्यापेक्षा वेगळा कसा?

कोकणात भातकापणीसाठी अनेक शेतकरी वैभव विळा वापरतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तो विकसित केला आहे.

साध्या विळ्याचे पाते गुळगुळीत असते. ते बोथट झाले की काम थांबवून दगडावर धार लावावी लागते. वैभव विळ्याच्या पात्याला करवतीसारखे बारीक दाते असतात, त्यामुळे सारखी धार लावावी लागत नाही. मुठीत भात धरायचे, बुडाशी विळा लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. झटका मारायची गरज नाही.

खरा फायदा कापणीनंतरचा आहे. खोडकिडीच्या अळ्या धसकटात दडून राहतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येतात. या विळ्याने जमिनीलगत कापणी होते. धसकट आखूड राहिल्याने अळ्यांना थारा कमी मिळतो. म्हणूनच अशी कापणी करून नंतर नांगरट करावी आणि उरलेली धसकटे नष्ट करावीत, अशी शिफारस केली जाते. शिवाय जनावरांसाठी पेंढाही जास्त मिळतो.

मात्र दाते झिजले की घरच्या दगडावर घासून भागत नाही. त्यामुळे विळा घेताना दाते एकसारखे आणि मूठ घट्ट आहे ना, हे पाहून घ्या.