चौदाव्या दिवसाची कुळकथा

मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढवायचं तर फार तर चौदा दिवस, त्यापुढे नाही. ब्रिटन, स्वीडन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात हा कायदा आहे. चीन, अमेरिका आणि भारतात हाच नियम मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेला आहे. एरवी एकमेकांशी फारसं न पटणाऱ्या देशांनी इतक्या नाजूक विषयात एकच आकडा स्वीकारावा, ही साधी गोष्ट नाही. क्लोनिंग असो वा मूलपेशी, सगळे वाद फिरून याच आकड्यापाशी येतात. निसर्गात चौदाव्या दिवशी कुठलीही घंटा वाजत नाही. ही रेघ माणसांनी ओढली, आणि ओढताना झालेली भांडणंही कागदोपत्री नोंदलेली आहेत.

आकडा पहिल्यांदा लिहिला गेला तो अमेरिकेत. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईझ ब्राउनचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांच्या दहा वर्षांच्या खटपटीला आलेलं हे फळ होतं. त्याच सुमारास व्हँडरबिल्ट विद्यापीठातले पिएर सूपार अमेरिकी सरकारकडे एक अर्ज करून वाट पाहत होते. शरीराबाहेर फलन झालेल्या भ्रूणांत दोष जास्त असतात का, हे त्यांना तपासायचं होतं आणि त्यासाठी सरकारी पैसा हवा होता. सरकारने प्रश्न एका नीतिविषयक सल्लागार मंडळाकडे सोपवला. मे १९७९ मध्ये मंडळाने कळवलं की संशोधन करायला नैतिक हरकत नाही, पण भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवू नये. कारण सरळ होतं: गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याचं काम एवढ्या दिवसांत पुरं होतं. अहवाल फायलीत गेला, मंडळ १९८० मध्ये गुंडाळलं गेलं आणि सूपार यांना पैसा कधीच मिळाला नाही. अमेरिकेत आकडा जन्मला, पण त्याला तिथे कोणी वाली राहिला नाही.

त्याला वाढवलं ब्रिटनने. टेस्ट ट्यूब बेबी जन्मू लागल्यावर जास्तीच्या भ्रूणांचं काय करायचं, हा प्रश्न तिथे वर्तमानपत्रांतून पेटला. जुलै १९८२ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपद मेरी वॉर्नॉक यांना दिलं. त्या डॉक्टर नव्हत्या, वैज्ञानिकही नव्हत्या. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवलेल्या आणि काही वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिलेल्या बाई. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. समिती सोळा जणांची होती आणि त्यांत वकील, समाजकार्यकर्ते, धर्मशास्त्रज्ञ आणि डॉक्टर होते. प्रत्यक्ष भ्रूणांवर हयात घालवलेली व्यक्ती मात्र एकच, ॲन मॅक्लारेन.

मॅक्लारेन उंदरांवर काम करायच्या. १९५८ मध्ये त्यांनी आणि जॉन बिगर्स यांनी उंदराची भ्रूणं शरीराबाहेर काचेच्या भांड्यात दोन दिवस वाढवली, मग दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवली आणि त्यांतून धडधाकट पिल्लं जन्मली. माणसातल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. पहिल्या पंधरवड्यात नेमकं काय घडतं, हे समितीतल्या मंडळींना त्यांनी समजावून दिलं, आणि सगळी कुळकथा त्या समजावण्याभोवती फिरते. म्हणून ते जरा जवळून पाहू.

फलित स्त्रीबीज दुभंगत जातं: दोन पेशी, चार, आठ. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याची एक पोकळ गोळी बनते, तिला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसते. गोळीची भिंत पुढे वारेच्या कामी येते. मूल ज्यांतून घडणार त्या पेशी म्हणजे आत एका कडेला चिकटलेला छोटासा पुंजका. मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवतात त्या याच पुंजक्यातून. आठवड्याभरात ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागते आणि पुंजक्याची चपटी चकती होते. मग साधारण पंधराव्या दिवशी चकतीच्या एका टोकाला पेशी दाटतात आणि मध्यावर एक रेघ उमटते. तिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक, म्हणजे आदिम रेषा म्हणतात. ती उमटल्यावर डोकं कुठे, पायाकडचं टोक कुठे, उजवं कोणतं, डावं कोणतं, हे पहिल्यांदा ठरतं. रेघ उमटेपर्यंत एका भ्रूणाची दोन होऊ शकतात. चकतीवर दोन रेघा उमटल्या तर एकसारखी जुळी जन्मतात. रेघ उमटून गेली की ही मुभा जवळजवळ संपते.

मॅक्लारेन यांचं म्हणणं असं की जे अजून एक आहे की दोन हेच ठरलेलं नाही, त्याला व्यक्ती कसं म्हणायचं? समितीच्या बहुमताला हे पटलं. तरीही दुसरे आकडे टेबलावर होते. प्रसूतिशास्त्रज्ञांच्या रॉयल कॉलेजने सतरा दिवस सुचवले होते, कारण मज्जासंस्थेची पहिली चाहूल त्या सुमारास लागते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन चौदा म्हणत होती. काहींचा आग्रह होता की दिवस मोजूच नयेत, वेदना जाणवू लागते तिथे थांबावं. वॉर्नॉक यांनी दिवसांचा आकडा धरून ठेवला. वेदना कधी सुरू होते यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालतील, पण चौदापर्यंत मोजणं पोलिसालाही जमतं आणि न्यायाधीशालाही, अशी त्यांची भूमिका होती. कायदा करायचा तर रेघ सगळ्यांना दिसली पाहिजे.

जुलै १९८४ मध्ये अहवाल आला. तीन सदस्यांनी भ्रूणावर कोणताच प्रयोग नको, असं स्वतंत्रपणे लिहून दिलं. आणखी चौघांनी मुद्दाम संशोधनासाठी भ्रूण तयार करण्याला विरोध नोंदवला. वॉर्नॉक यांनी ही भिन्नमतं अहवालातच छापली. हा प्रामाणिकपणा मला आकड्याहूनही मोलाचा वाटतो.

पुढची सहा वर्षं ओढाताणीची होती. १९८५ च्या फेब्रुवारीत खासदार इनॉक पॉवेल यांनी भ्रूणसंशोधनावर जवळपास बंदी घालणारं खासगी विधेयक आणलं आणि दुसऱ्या वाचनात ते २३८ विरुद्ध ६६ मतांनी पुढे सरकलं. पुढे वेळ संपवण्याच्या डावपेचांत ते अडकलं, नाहीतर चौदा दिवसांची गोष्ट तिथेच आटोपली असती. संशोधकांना तेव्हा कळलं की प्रयोगशाळेत बसून भागणार नाही. ते रुग्णांना आणि आनुवंशिक आजारांनी मुलं गमावलेल्या आईबापांना घेऊन खासदारांना भेटू लागले. १९९० च्या एप्रिलमध्ये, मतदानाच्या तोंडावर, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून ॲलन हँडीसाइड आणि रॉबर्ट विन्स्टन यांच्या गटाने जाहीर केलं की भ्रूणाची एक पेशी तपासून, गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच गंभीर आनुवंशिक आजार टाळता येतो. संसदेच्या कॉमन्स सभागृहात संशोधनाच्या बाजूने ३६४ विरुद्ध १९३ मतं पडली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. बीजं एकत्र केल्यापासून चौदा दिवस, गोठवून ठेवलेला काळ त्यात धरायचा नाही, आणि नियम मोडला तर तुरुंग.

त्या वेळी मूलपेशी आणि क्लोनिंग हे वादाच्या केंद्रस्थानी नव्हते. ५ जुलै १९९६ रोजी एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेत क्लोन केलेली डॉली मेंढी जन्मली. २७७ प्रयत्नांतून ती एकटी जगली. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉम्सन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. जगभर सरकारं गडबडली. ब्रिटनकडे मात्र चौकट तयार होती: परवाना, देखरेख आणि चौदा दिवस. जानेवारी २००१ मध्ये संसदेने तिच्यातच गंभीर आजारांवरच्या संशोधनाची भर घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की क्लोन केलेल्या भ्रूणात फलन होतच नाही, म्हणून ते १९९० च्या कायद्यात बसत नाही. संसदेने काही दिवसांतच क्लोन केलेलं भ्रूण स्त्रीच्या गर्भाशयात ठेवणं हा गुन्हा ठरवला. संशोधनासाठी क्लोनिंगला परवानगी, मूल जन्माला घालण्यासाठी बंदी, ही ब्रिटनची भूमिका तेव्हापासूनची.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. ९ ऑगस्ट २००१ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या सेल लाइन्सवरच, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या मूलपेशींच्या वंशांवरच, सरकारी पैसा खर्च होईल. पाठोपाठ ६४ सेल लाइन्सची यादी निघाली आणि तिच्यात आपण होतो: मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन. पुढे यादीतल्या बहुतेक लाइन्स वापरण्याजोग्या ठरल्या नाहीत. पण एका रात्रीच्या भाषणाने जगाचं लक्ष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे वळलं होतं, आणि त्या वेळी मूलपेशींसाठी वेगळी राष्ट्रीय नियमावली आपल्याकडे नव्हती. ती आली २००७ मध्ये.

धर्मांनीही दिवस मोजले आहेत. ज्यू परंपरेत पहिले चाळीस दिवस वेगळे मानतात. इस्लामी धर्मशास्त्रज्ञांपैकी अनेक जण १२० दिवसांनी आत्मा येतो असं मानतात, आणि इराणमध्ये मूलपेशी संशोधनाला धार्मिक मान्यता मिळणं त्यामुळे सोपं गेलं. कॅथलिक चर्च फलनाच्या क्षणापासून पूर्ण संरक्षण मागतं. आपल्या गर्भोपनिषदात एका रात्रीचा, सात रात्रींचा, पंधरवड्याचा, महिन्याचा गर्भ कसा असतो, याचं टप्प्याटप्प्याने वर्णन आहे. त्यातला पंधरवडा आणि हा नियम यांची सांगड घालण्याचा मोह आवरावा. वॉर्नॉक समितीने आपला आकडा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रेघेवरून घेतला होता.

भारताने तो तयार उचलला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००७, २०१३ आणि २०१७ च्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत चौदा दिवस किंवा आदिम रेषा, जे आधी येईल तिथे थांबा, असं सांगितलं आहे. माणसाचं क्लोनिंग निषिद्ध. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत मूलपेशींच्या ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या दोन सेल लाइन्स तयार झाल्या. याच परळमध्ये केईएम रुग्णालयात इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्धचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं. माणूस जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग आपल्यालाही नकोच होतं, पण उपचाराच्या शोधाचं दार बंद होऊ नये, ही भूमिका होती. ती योग्यच होती, असं माझं मत आहे.

उणीव आहे ती वेगळीच. आकडा आपण घेतला, पण त्यामागचं सहा वर्षांचं भांडण घेतलं नाही. मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे दात नसतात. त्याची किंमत भ्रूणांपेक्षा रुग्णांनी जास्त मोजली. रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मंजूर चाचणीबाहेर रुग्णांना मूलपेशी देणं अनैतिक आहे, असं २०१७ च्या तत्त्वांत स्वच्छ लिहिलं आहे. तरीही ऑटिझम, मणक्याची दुखापत, सेरेब्रल पाल्सी यांवर मूलपेशींचे उपचार विकणारी दुकानं आपल्या शहरांत चालत आली, आणि आईबाप दागिने मोडून तिथे गेले.

इकडे आकड्याचा पायाही हलू लागला आहे. १९८४ मध्ये कोणालाही भ्रूण आठ-नऊ दिवसांपलीकडे जगवता येत नव्हतं, त्यामुळे नियमाने कोणाचंच काम अडत नव्हतं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या माग्दालेना झेर्निका-गोएत्झ आणि न्यूयॉर्कचे अली ब्रिवान्लू यांच्या गटांनी भ्रूणं तेराव्या दिवसापर्यंत वाढवली आणि केवळ नियमासाठी प्रयोग थांबवला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने चौदा दिवसांपुढचं संवर्धन निषिद्ध कामांच्या यादीतून काढलं आणि देशोदेशी लोकांशी चर्चा करा, असं सुचवलं. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत याकोब हन्ना यांच्या गटाने नुसत्या मूलपेशींतून चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना घडवली. तिथे ना स्त्रीबीज होतं, ना शुक्रजंतू. बीजं एकत्र आलेलीच नाहीत, मग चौदा दिवस कुठून मोजायचे?

अठ्ठावीस दिवस करा, असं म्हणणारे संशोधक आता ब्रिटनमध्ये आहेत, आणि त्यांचं कारण हलकं नाही. अनेक गर्भपात आणि हृदयाचे, मज्जासंस्थेचे जन्मजात दोष यांची मुळं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतात, आणि माणसात तो काळ अजून जवळजवळ अंधारात आहे. मर्यादा पुढे सरकवायला माझा विरोध नाही. पण ती ज्या रीतीने ओढली गेली त्याच रीतीने सरकावी: उघड्यावर, विरोधकांची मतं छापून, मतदान घेऊन. वैद्यक संशोधन परिषद आपली तत्त्वं पुन्हा तपासायला घेईल तेव्हा मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत लोकांसमोर ठेवावा, मूल गमावलेल्या पालकांना आणि मूलपेशींच्या दुकानांत फसलेल्या रुग्णांना बोलवावं, आणि शेवटचा शब्द संसदेचा असावा. आपल्या खासदाराला एवढं एक पत्र लिहायला आपल्यापैकी कोणालाही वैज्ञानिक असण्याची गरज नाही.