गड चढणारा कुत्रा कुणाचा?

मंडळी, सह्याद्रीत थोडंफार भटकलेल्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. पायथ्याच्या गावात आपण चहा घेतो, सॅक पाठीला लावतो आणि निघतो, तर गावातला एखादा कुत्रा कुणी न बोलावता पुढे चालायला लागतो. रतनगड असो, हरिश्चंद्रगड असो की आपली अंजनेरी. वाट त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. फाटा आला की थांबून मागे बघतो. आपण दम खायला बसलो की तोही बसतो.

माझा नातू असे फोटो नेहमी पाठवतो. एकदा त्याने विचारलं, "आजी, हा कुत्रा नक्की कुणाचा म्हणायचा?" आता इतिहासाच्या मास्तरणीला असा प्रश्न विचारला की ती तीन-चार हजार वर्षं मागे जाणारच, त्याला इलाज नाही!

रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. भंडारदरा, अकोले, संगमनेर करत ती खाली येते आणि नेवाशाच्या पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते. तिच्या काठावर जोर्वे आहे आणि दायमाबाद आहे. जोर्वे आणि नाशिक या दोन्ही ठिकाणी १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं. पुढे ताम्रपाषाण काळातल्या एका सबंध संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं.

दायमाबादला मात्र मोठा ठेवा मिळाला तो कुणा पंडिताला नाही. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार धातुशिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त! त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. काहींना ती बरीच नंतरची वाटतात. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण रथाचं चित्र पुस्तकात मिळालं तर नीट बघा. दोन बैल, मागे उभा असलेला माणूस, आणि मधल्या दांडीवर उभा असलेला एक छोटा कुत्रा. कारागिराला गाडी, बैल आणि गाडीवान एवढं घडवून थांबता आलं असतं. पण वाटेला लागलेला माणूस म्हटल्यावर त्याच्याबरोबर कुत्रा हवाच, असं त्याला वाटलं असावं. घोडनदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातही कुत्र्याची हाडं मिळाली आहेत. म्हणजे आपल्या नद्यांच्या खोऱ्यांत ही सोबत फार जुनी आहे.

ही सोबत हौसेची नव्हती, कामाची होती. अजूनही दसरा-दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन धनगरांचे वाडे रस्त्याने जाताना दिसतात. घोड्यावर संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि कळपाच्या कडेकडेने चालणारी कुत्री. रात्री शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली की माणसं झोपतात आणि कुत्री जागतात. तो कुत्रा कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तो वाड्याचा.

धनगरांचा देव खंडोबा, आणि खंडोबाचा कुत्रा तर त्याच्याबरोबर असतोच. आपल्याच जिल्ह्यात मालेगावजवळ गिरणेकाठी चंदनपुरी आहे. तिथे देव बाणाईसाठी धनगराच्या घरी मेंढरं राखत राहिला, अशी कथा आहे. मेंढरं राखायची म्हणजे कुत्रा आलाच. खंडोबाच्या भक्तांना 'वाघ्या' म्हणतात आणि जुन्या रिवाजात ते स्वतःला देवाचे कुत्रे समजून भुंकत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास घालायचा, हे माझ्या सासूबाई कधी चुकवत नसत. दत्ताच्या पायाशी तर चार कुत्रे, आणि ते चार वेद!

आता दुसरा प्रकार, स्मारकाचा. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात अतकूर इथे सापडलेला एक शिलालेख आहे, सुमारे इ. स. ९४९-५० चा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याच्या बाजूने लढलेला गंग राजा दुसरा बुतुग यांच्या काळातला. बुतुगाच्या मणलेर नावाच्या वीरावर धनी खूश झाला आणि काय हवं ते माग म्हणाला. मणलेराने मागितला 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा. पुढे एका डोंगरात त्या कुत्र्याची रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. मणलेराने देवळासमोर दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचं नाव आपल्याला आज ठाऊक आहे ते यामुळे.

आपल्याकडे रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना माहीत आहे. ते स्मारक १९३६ चं. चितेत उडी घेण्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांत आधार सापडलेला नाही. २०१२ साली तो पुतळा हटवला गेला, परत बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा उकरला गेला. मी वर्गात मुलांना एवढंच सांगत असे की कथा आणि पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. अतकूरला शिलालेख आहे, इथे नाही. पण अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगावीशी वाटली, यातून सांगणाऱ्या माणसांविषयी काहीतरी कळतंच की.

मात्र गडावर आपल्याबरोबर येणारा कुत्रा या दोन्हींत बसत नाही. तो आपलं काही काम करत नाही आणि आपण त्याला कुणाकडून मागून आणलेला नाही. तो फक्त मागोमाग आलेला आहे. अशा कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी एकाने सोडवून ठेवला आहे. तो म्हणजे युधिष्ठिर.

गंमत बघा, महाभारताच्या सुरुवातीलाच कुत्रा आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिल्लाला त्याच्या भावांनी विनाकारण मारलं, आणि सरमेने येऊन जाब विचारला. शेवटाकडेही कुत्रा आहे. हस्तिनापुरापासून तो पांडवांच्या मागे चालतो. द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, कुत्रा चालतच राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. युधिष्ठिर नकार देतो. शरण आलेल्याला भय दाखवणं, स्त्रीची हत्या, ब्राह्मणाचं धन लुबाडणं आणि मित्रद्रोह ही चार पापं एकीकडे, आणि आपल्यावर विसंबलेल्याला टाकणं दुसरीकडे. त्याला दोन्ही पारडी सारखीच वाटतात. कुत्रा त्याचा पाळलेला होता का? नाही. केवळ सोबत चालत आला, एवढंच नातं. युधिष्ठिराला तेवढं पुरलं.

हे मी कीर्तन म्हणून सांगत नाहीये. त्याला आजचा फार रोकडा संदर्भ आहे. प्रवरेच्याच वरच्या खोऱ्यात, अकोले भागात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के! शेळीपेक्षा कितीतरी जास्त. कारण सरळ आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा मोकळा असतो.

आता विचार करा. आपण बिस्किटं टाकत टाकत त्याला वर नेतो. गुहेत मुक्काम करतो, किंवा दुसऱ्या वाटेने उतरून गाडीत बसतो. फोटो तेवढे आपल्याबरोबर घरी येतात. तो मात्र आपल्या गावाची शीव ओलांडून परक्या रानात एकटा राहतो. दुसऱ्या गावची कुत्री त्याला आत घेत नाहीत, आणि अंधार पडल्यावर बिबट्या काही त्याला विचारून येत नाही.

उलट बाजूही आहे. कुत्रा रानात ससे, पाखरं, भेकराची पिल्लं यांच्या मागे लागतो. रोगही नेऊ शकतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचे विषाणू सापडले होते. रतनगड आणि हरिश्चंद्रगड तर कळसूबाई अभयारण्यातच येतात. तिथे घरचा कुत्रा हौसेने नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे चौदा वर्षं मोती नावाचा गावठी कुत्रा होता. निवृत्तीनंतर मी आणि हे त्याला घेऊन आनंदवल्लीपासून सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत गोदेच्या काठाने चालत जात असू. साखळी हातात, लस टोचलेली, आणि मोर दिसला की साखळी आखूड. त्याला पळायला मिळत नसे म्हणून हे कुरकुरत. पण नदीकाठ काही आमच्या एकट्याचा नव्हता.

नातवाला मी जे उत्तर दिलं ते इथेही लिहिते. धनगराचा कुत्रा वाड्याचा, काळी मणलेराची, आणि गडावर सोबत आलेला कुत्रा त्या दिवसापुरता तुझा. निघताना त्याला खायला घालून मागे लावून घेऊ नकोस. तरीही आलाच, तर ज्या वाटेने चढलास त्याच वाटेने उतर आणि त्याला त्याच्या गावात पोचव. मग चहावाल्याच्या हातावर चार पैसे ठेवून त्याला दूध-भाकरी द्यायला सांग.

तुमच्या गावाकडे अशा सोबत करणाऱ्या कुत्र्यांच्या, त्यांच्या नावाने उभारलेल्या दगडांच्या काही गोष्टी असतील, तर जरूर लिहा. मला वाचायला आवडतील.